अर्धं वचन

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला आमच्यात चिठ्ठ्या काढायची पद्धत होती. माणशी एक चिठ्ठी, तिच्यावर बायबलातलं एक वचन. जे ज्याच्या हाताला लागेल ते त्याचं त्या वर्षाचं वचन. लोक ती चिठ्ठी वर्षभर जपत. कोणी ट्रंकेत ठेवी, कोणी उशीखाली. बायका पोलक्यात ठेवत आणि घामानं शाई पसरली की माझ्याकडे येत, पुन्हा लिहून दे म्हणत. कारण चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. बाबा आमच्या सात घरांच्या मंडळीचे पाळक होते, आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि घरात धड अक्षर होतं ते माझ्या एकटीचं.

एकोणऐंशी सालच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात देव नव्हता, मालक होते.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आमची वस्ती जळाली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जिंतूरच्या बाजूला गावंच्या गावं अंगावर आली. वस्तीत वीस घरं बौद्धांची, सात आमची ख्रिस्ती. आपल्या दारावर क्रूस आहे, आपल्याला सोडतील, असं आम्हाला वाटलं होतं. गावाच्या लेखी क्रूस आणि निळा झेंडा यांत काडीचा फरक नव्हता. भरदुपारी आले. कुऱ्हाडी, काठ्या, रॉकेलचे डबे. आधी ज्वारीच्या कणग्या पेटवल्या, मग छपरं. शेजारच्या म्हातारीला खाटेवरून ओढून चिखलात टाकलं आणि तिची खाट परत आगीत फेकली. बाबा हात जोडून दारात उभे राहिले, तर त्यांच्या गुडघ्यावर कुऱ्हाडीचा दांडा बसला. तो आवाज मी ऐकलाय. ओली फांदी मोडावी तसा होता. मारणारा कोणी परका नव्हता. माझा दादा ज्यांच्या मळ्यात पाच वर्षं सालगडी म्हणून राबला, तेच मालक. त्यांच्या आईची पत्रं बाबाच लिहून देत.

आम्ही दोन महिने परभणीला नातेवाइकांच्या ओसरीवर काढले. परत आलो तर भिंती काळ्या, वर आभाळ. पोलीस गावात येऊन गेले होते. मालक ठाण्यात जाऊन आले, ते पाहुणचार घेऊन आल्यासारखे. बाबांचा गुडघा वाकडाच जुळला. दादानं सरकारी पत्रे वर चढवले, चूल मांडली आणि बोलणं बंद केलं.

म्हणून डिसेंबरात चिठ्ठ्या लिहायला बसले तेव्हा मी मुद्दाम एक चिठ्ठी लिहिली. रोमकरांस पत्र, बारावा अध्याय, विसावी ओळ. त्या ओळीचा शेवट असा आहे की तू आपल्या वैऱ्याच्या डोक्यावर निखाऱ्यांचा ढीग घालशील. मी तेवढाच शेवट उचलला. त्याच्या आधी काय आहे ते मला पाठ होतं. रविवारच्या शाळेत त्याच अध्यायासाठी मला बक्षीस मिळालं होतं. तरी मी ते गाळलं. लिहिताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक जानेवारीला दादानं डब्यात हात घातला आणि नेमकी तीच काढली. चाळीस चिठ्ठ्यांतून तीच. त्यानं वाचली, परत वाचली, घडी करून खिशात ठेवली. कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं. मला त्या हसण्याची भीती वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

दोन महिने तो थांबला. ज्वारी निघायची होती. फाल्गुनात मालकांच्या खळ्याशेजारी कडब्याची गंजी उभी राहिली, दोन मजली घराएवढी, आणि तिला लागूनच त्यांच्या गड्याची झोपडी. गंजी कुठून पेटवली की वारा कुठं जातो, हे दादाला ठाऊक असणारच, त्यानंच पाच वर्षं ती रचली होती. एका दुपारी बाबांना आमच्या शेळीच्या गव्हाणीखाली रॉकेलचा डबा सापडला. बाबांनी तो उचलून घराच्या मधोमध ठेवला आणि दादाला हाक मारली.

"हे काय?"

दादानं खिशातून चिठ्ठी काढून डब्यावर ठेवली. "मला काय इचारता? देवालाच इचारा. त्यानंच सांगितलंय."

बाबांनी चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. "माय, अर्धंच का लिहिलंस?"

"कागद अरुंद होता," मी म्हणाले.

बाबांनी चिठ्ठी परत डब्यावर ठेवली. त्यांची बायबल वाचायची एक रीत होती, तरुणपणी प्रशिक्षणात शिकलेली. वचन कधी एकटं वाचायचं नाही. दहा ओळी मागं जायचं, दहा ओळी पुढं जायचं, लिहिणारा कोण, कोणाला लिहितोय, कशासाठी लिहितोय, हे विचारायचं, आणि मग तोंड उघडायचं. चिठ्ठ्यांची पद्धत त्यांना मनातून पटत नव्हती. लोकांना आवडते म्हणून चालू द्यायचे. त्या दुपारी त्यांनी दादाला समोर बसवलं, डबा मध्येच राहू दिला, आणि मला बारावा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला लावला.

मी वाचत गेले. आपला देह देवाला द्या. जगाच्या साच्यात बसू नका, मन नवं होऊ द्या आणि त्यातून तुमचं रूपांतर होऊ द्या. पुढं एकमेकांवर प्रेम, पाहुणचार, छळणाऱ्यांना आशीर्वाद. वाइटाची फेड वाइटानं करू नका. सूड देवावर सोडा. मग ती ओळ आली, पुरी आली. वैरी भुकेला असेल तर त्याला खायला घाल, तान्हेला असेल तर पाणी पाज. निखारे त्याच्यानंतर.

दादानं चिठ्ठी परत उचलून पाहिली, जणू बाकीचं मागच्या बाजूला असेल.

"जे रूपांतर म्हणतेत ना, लोकांना वाटतंय ते प्रार्थनेत व्हतंय, डोळे मिटून," बाबा म्हणाले. "हितं बघ. सुरवातीला मन बदला म्हणतोय, शेवटाला वैऱ्याला ताट वाढा म्हणतोय. मधी कुठं तुटलेलं न्हाई. मन बदललं का न्हाई, ते ताट वाढताना कळतंय."

"आन् निखारे?"

"कोणी म्हणतेत शरमेचे. मला पक्कं ठाऊक न्हाई. पन गंजी पेटवा असं कुठंच लिहिलेलं न्हाई."

दादा ताडकन उठला. डब्याला लाथ बसली आणि रॉकेल घरभर वाहिलं. "पाणी पाजा म्हणायलाय! ज्यानं हे लिहिलं त्यानं आपलं गाव बघितलं व्हतं का? मालक आपल्या हातचं पाणी पितो का, बाबा? पाच वर्षं मी त्याच्या हिरीचं पाणी त्याच्या पिकाला पाजलं, त्याच्या बैलाला पाजलं. त्याच्या तांब्याला हात लावला तर तांब्या इस्तवात घालत व्हता. सांगा, कसं पाजू?"

हा प्रश्न खरा होता. बाबांच्या दहा ओळी मागं आणि दहा ओळी पुढं त्याचं उत्तर नव्हतं. त्यांनी आडवा पडलेला डबा उचलून उभा केला.

"पिनं न पिनं त्याच्यावर हाय," ते म्हणाले. "नेनं आपल्यावर. उद्या मी जातो."

मला बाबांचा संताप आला. एक गुडघा दिला होता, आता दुसराही द्यायला निघाले! पण दुसऱ्या दिवशी ते खरंच निघाले, फडक्यात दोन भाकरी आणि पितळेचा तांब्या घेऊन. लंगडत जाताना पाणी हिंदकळत होतं, म्हणून दादानं तांब्या हातात घेतला. "चला, बघूच कसा पितो," एवढंच म्हणाला. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी बांधाच्या बाभळीआडून मागं मागं गेले.

खळ्यावर मळणी चालू होती. मालक उन्हात, चार गडी हाताखाली. बाबांनी पागोटं सावरलं आणि म्हणाले, "मालक, ऊन लय हाय. भाकर आन् पाणी आणलंय. मनात काही ठेवून आलो न्हाई."

मालक आधी हसले. मग गडी हसतायत का ते त्यांनी पाहिलं. गडी हसत नव्हते, बघत होते. तेव्हा त्यांचं तोंड बदललं. "मला पाणी पाजायलास? चार लोकांत मला बाटवायला आलास व्हय रे?" त्यांनी दादाच्या हातातला तांब्या लाथेनं उडवला आणि हातातला चाबूक उलटा करून मूठ बाबांच्या तोंडावर हाणली. बाबा वाकड्या गुडघ्यावर कोसळले, तोंड मातीत. भाकरी धुळीत पडल्या. मालकांनी दुसऱ्यांदा चाबूक उचलला.

दादा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या पायाशी लोखंडी पहार पडली होती. त्यानं पहारीकडे पाहिलं, मी शपथेवर सांगते, पाहिलं. आणि मग तो खाली वाकला आणि बाबांच्या अंगावर पालथा पडला. दुसरा फटका त्याच्या पाठीवर बसला.

दगड मी मारला.

कसा उचलला, आठवत नाही. मुठीएवढा काळा दगड होता. तो मालकांच्या कपाळावर बसला आणि ते मटकन खाली बसले. रक्त भुवईवरून डोळ्यात, डोळ्यातून मिशीवर आलं. क्षणभर मला इतका आनंद झाला की पुढं आयुष्यात तेवढा क्वचितच झाला असेल. गड्यांनी वळून पाहिलं. दादानंही पाहिलं, नेमकं माझ्याकडे, बाभळीच्या फटीतून. मग तो गुडघ्यावर उठला आणि मोठ्यानं ओरडला, "मीच मारला! मी मारला!"

चौघेही त्याच्यावर तुटून पडले. काठ्या, लाथा, एकानं बैलाचं जू घातलं. त्यानं हात वर केला नाही, डोकं झाकायलासुद्धा नाही, कारण हात बाबांच्या डोक्यावर होते. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं, चार दात गेले, एक कान फाटला. मी बाभळीआड उभी होते. पुढं झाले नाही, ओरडले नाही. मागं न बघता पळत घरी आले आणि दाराला आतून कडी घातली.

परभणीच्या दवाखान्यात तो तीन आठवडे होता, दारात पोलीस. मी डबा घेऊन गेले तेव्हा सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "गप ऱ्हाय. तुझं नाव निघालं तर ते तुला काय करतेल, तुला ठाऊक हाय."

"पन बाबाला वाटायलंय, तूच मारला म्हणून. तू बदलला न्हाईस म्हणून."

"मला त्या दिवशी मारायचं न्हवतं. म्हणून मारलं न्हाई. मला ठाऊक हाय तेवढं बस झालं."

बाबांचं तोंड मातीत होतं. त्यांनी ऐकलं होतं ते फक्त दादाचं ओरडणं. दादा जामिनावर घरी आला त्या रविवारी त्यांनी मंडळीसमोर उभं राहून सांगितलं, ज्यानं हात उचलला तो सहा महिने प्रभुभोजनाला बसणार नाही. सांगताना रडले. दादा मान खाली घालून मागच्या पोत्यावर जाऊन बसला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला चपातीचे तुकडे ताटात फिरायचे आणि मनुकांचं पाणी पेल्यात. बाबा स्वतः माझ्यापुढं ताट धरत. मी घेतलं. एप्रिलमध्ये घेतलं, मेमध्ये घेतलं, जूनमध्ये, जुलैमध्ये. मी भित्री होते. मालकांना नव्हे, आता बाबांच्या तोंडाला भीत होते. दादा मागं बसून सगळ्यांबरोबर गाणी म्हणायचा, दात नसल्यानं शब्द फुसफुसायचे, आणि पोरं हसायची.

ऑगस्टात ताट माझ्यापुढं आलं आणि मी हात मागं घेतला. मी उभी राहिले. दगड मी मारला, असं म्हणाले. चिठ्ठीही अर्धी मीच लिहिली, मुद्दाम, कागद रुंद होता, असंही म्हणाले. बाबांनी ताट खाली ठेवलं. ते लंगडत सगळी मंडळी ओलांडून मागं गेले, भिंतीला धरून पोत्यावर बसले आणि दादाच्या मोडक्या खांद्यावर डोकं टेकवलं. "लेकरा, म्या तुला ओळखलं न्हाई," एवढंच म्हणत राहिले.

माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मला वाटलं, आता बाहेर जावं आणि परत येऊ नये. तेवढ्यात दादा उठला. पुढं गेला, ताट उचललं आणि कोणाला न विचारता सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. पाच महिने त्याच्या स्वतःच्या तोंडात त्यातला तुकडा पडला नव्हता.

मी हात पुढं करेना. सगळी मंडळी बघत होती.

"घे ना गं लवकर," तो हळूच म्हणाला. "खांदा दुखायलाय माझा."