मुतारीला कडी न्हाई

सत्यशीला दिवसभर लोकांना उसाचा रस पाजायची आणि स्वतः घोटभर पाणी प्यायची नाही. शिंगणापूरच्या रस्त्यावर बन्सीशेठची रसवंती आहे, तिथं ती ग्लास भरायची, विसळायची, टेबलं पुसायची. ओठ मात्र फुटलेले, जणू उन्हात टाकलेलं चिपाड.

तिची माझी गाठ पडली दवाखान्यात. मी दुसऱ्याच एका बाईचं भांडण घेऊन तिथं गेले होते. ही बाकावर पोट आवळून बसलेली. नर्सबाईनं नळी लावून तिची लघवी काढली आणि बाहेर येऊन भरल्या व्हरांड्यात विचारलं, इतकी तुंबेपर्यंत धरून ठेवतं का कोण? बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला त्या नळीची किळस आली नाही, त्या हसण्याची आली.

डॉक्टरीणबाई तेवढ्या बऱ्या निघाल्या. म्हणाल्या, हा ओळखीचा त्रास आहे, नाटक नाही. भीतीनं खालचा स्नायू आवळून बसतो, मग लागते पण होत नाही. पुरुषांनाही होतो, रांगेत उभं राहून जमत नाही म्हणून कित्येक जण माघारी फिरतात. पण पाणी पी, आणि परत असं तुंबू देऊ नकोस, नाहीतर मूत्रपिंड जाईल.

सत्यशीला माहेरची तिसगावकडची. आईबाप कोयत्यावर जाणारे, तीही लग्नाआधी चार हंगाम ऊस तोडून आलेली. रसवंती हे तिच्या हातात आलेलं पहिलं सावलीतलं काम. ते सुटलं तर परत कोयता. म्हणून ती कुणाला सांगत नव्हती.

मी म्हटलं, चल, दाखव मला तुझी ती मुतारी.

काय सांगू! मागच्या बाजूला चिपाडांचा ढीग, त्याला आंबूस वास, त्यावर माश्यांचं मोहोळ. त्याच्या कडेला तीन भिंती. भिंतींवर गुटख्याच्या पिचकाऱ्या, खाली हिरवं पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यातून पाय टाकत जायला दोन विटा. चौथ्या बाजूला दार नाही. हे शिंगणापूर, इथं घरांनाच दारं नाहीत तर मुतारीला कुठून? दाराच्या जागी एक फ्लेक्स लटकवलेला. कुण्या भावी नेत्याच्या वाढदिवसाचा. छापील बाजू बाहेर ठेवली तर साहेबांच्या तोंडावर लोक थुंकतात म्हणून बन्सीशेठनं तोंड आतल्या बाजूला केलं होतं. म्हणजे बाई आत बसली की समोर हे हात जोडून हसणार.

सत्यशीलाच्या सासूनं, चांगुणाबाईनं, तिला लग्नानंतर पहिलीच गोष्ट शिकवली होती ती खाकरायची. दार नसलेल्या गावात खाकरणं हीच कडी. येणारा बाहेर खाकरतो, आतला आतून खाकरतो, बाहेरचा मागं फिरतो. गावात कुणी हे मोडत नाही. पण रसवंतीवर येणारे बाहेरगावचे. त्यांना काय ठाऊक? एकदा लक्झरीतनं उतरलेल्या एका बाप्यानं फ्लेक्स सरकन बाजूला केला. ही आत बसलेली. "आयला, बाई हाय व्हय," म्हणाला, आणि तसाच उभा राहिला.

तेव्हापासून पाऊल वाजलं की हिचं बंद.

"ताई, मला खाकरताच येत न्हाई आता," ती मला म्हणाली. "खाकरलं की समद्यास्नी कळतं आत कोन हाय. घसा बी आवळतो आन खालचं बी."

"मग जमतं कधी?"

"बैल फिरताना. घुंगरमाळ वाजती, तवा माझा आवाज कुनाला जात न्हाई."

पण गिऱ्हाईक असलं तरच घाण्याचा बैल फिरणार, आणि गिऱ्हाईक असलं की हिला ग्लास भरायचे. शेजारच्या हारवाल्या बाया टोमणे मारायच्या, उसाच्या फडात जन्म गेला अन् आता महाराणीला लाज सुचली. त्यांना तिनं एकदाच उत्तर दिलं होतं, की उसात मानूस दिसत न्हाई.

मी बन्सीशेठला चांगल्या तोंडानं दार लावायला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, देवाच्या गावात घराला कडी न्हाई, आन मुतारीला लावू व्हय? कोप झाला तर तुमी येनार का निस्तरायला?"

मी म्हटलं, मग तुमच्या गल्ल्याला कुलूप कसं? त्यानं गल्ल्यावर हात ठेवला आणि बैलाला उगाच एक शिवी दिली.

देवाला मी मानते. देवाआड लपणाऱ्याला मानत नाही. दुसऱ्या दिवशी घोडेगावच्या भंगारवाल्याकडनं एक पत्र्याचं दार घेतलं, चौकटीसकट, कडीसकट, आणि ओळखीच्या मच्छिंद्रच्या टेम्पोत घालून थेट रसवंतीपुढं आणलं. मच्छिंद्र खाली उतरेना. म्हणाला, ताई, आणायचं आणलं, पण या गावात दार उतरवायला मी हात लावणार नाही. लोक जमले. मोबाईल निघाले. बन्सीशेठ ओरडत होता, मी त्याच्या वरचढ ओरडत होते.

सत्यशीलानं हातातला जग टेबलावर ठेवला.

"शेठ, मला दार नगंच. मला भिंत पायजे. आत शिरताना वळावं लागंल आशी, आडवी. भिंतीला कडी नसती. त्यात देवाचं काय जातंय?" मग माझ्याकडं वळली. "आन ताई, तुमी हे दार माघारी न्या. समदा रस्ता बघतोय माझ्या लघवीकडं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिच्यासाठी भांडायचं तिनंच असं बोलावं! पण बोलली ते बिनतोड होतं. बाकावर रस पीत बसलेली एक म्हातारी भाविक म्हणाली, पोरीचं बरोबर हाय, मला बी कवाधरनं जायचंय. तिच्या सोबतच्या बायकांनी माना हलवल्या. एवढी गिऱ्हाइकं एकदम बोलली म्हटल्यावर बन्सीशेठला देवाचा कोप आठवला नाही.

आठवड्यात ब्लॉकची भिंत उभी राहिली, आडवी, वळण घेणारी. हिरवं पाणी उपसून काढलं. फ्लेक्स चिपाडांच्या ढिगावर गेला. आता साहेब माश्यांना हात जोडतात, आणि जोडी शोभते.

पहिल्या दिवशी मी वळणावर कंबरेवर हात ठेवून उभी राहिले, एक माणूस फिरकू द्यायचा नाही म्हणून. सत्यशीला आत गेली. बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला.

"ताई, तुमी हाईत का?"

"हाये की. बस तू निवांत."

"तुमी हाईत म्हनूनच हुईना. जरा लांब जावा."

गेले. काय करणार? पुढं रसवंतीत सामसूम, बैल उभ्यानं रवंथ करत होता. मी बन्सीशेठला म्हटलं, एक रस दे. तो बघतच राहिला, कारण दाराच्या भांडणात, तुझ्या हातचा थेंब पिणार नाही, हे मी त्याला चारचौघांत सांगितलं होतं. बैल हलला. घुंगरमाळ वाजायला लागली. ग्लासाला कालच्या बोटांचे ठसे, बर्फात भुसा, काठावर माशी. माशी उडवली आणि प्याले. संपत आल्यावर म्हटलं, अजून एक कर, बैल थांबवू नको.

दुसरा निम्मा झाला तेव्हा सत्यशीला आली. पदराला हात पुसत सरळ माठाकडं गेली आणि उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्याली. मग माझ्या हातातला ग्लास काढून घेतला.

"आता बास करा ताई. न्हाईतर तुमालाच जावं लागंल, आन मी काय राखन करनार न्हाई."