पाटीसकट पहिली

पुतळीला माणसांची शिसारी आली ती एकसष्टच्या सव्वीस जानेवारीला, घोलवडच्या शेटच्या चिकूवाडीत. मासळीची तिला कधीच आली नव्हती.

डहाणूच्या किनाऱ्याला होडी लागली की ओल्या बोंबलांची पाटी डोक्यावर घ्यायची आणि घोलवडपर्यंत धावत सुटायचं, हा तिचा रोजचा शिरस्ता. बोंबील कुणासाठी थांबत नाही. ऊन चढलं की तो मऊ पडतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. लग्न झाल्यापासून ती अशीच धावत होती, पण त्याला कुणी धावणं म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी शेटने त्याच वाटेवर शर्यत ठेवली. पहिल्याला पितळी कळशी, आणि कर्ण्यावरून नाव पुकारणार. कळशीचं पुतळीला काही नव्हतं. तिला आपलं नाव ऐकायचं होतं. बायकांसाठी लिंबू-चमचा आहे, असं शर्यतीतल्या पोरांनी सांगून बघितलं, ती बधेना. शेवटी धावू दे, वाटेत बसेल, म्हणत पोरांनी हसत तिला सगळ्यांच्या मागे उभं केलं. पाटी मात्र तिने सोडली नाही. मासळी घरी कुजवायची कुणासाठी? शिवाय डोक्यावर भार नसला की तिची पावलं नीट पडतच नसत.

तालमीतला नावाजलेला गडी लक्ष्या बराच वेळ पुढे होता. वाटेतल्या चिखले गावापाशी त्याच्या पोटात कळ आली आणि पुतळी शेजारून निघून गेली. वाडीच्या फाटकात तीच पहिली शिरली.

शेटने नाकाला रुमाल लावला. मग हसून म्हणाला, "ही कुठे शर्यतीत धावली? ही तर रोजच्यासारखी धंद्याला आली."

जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. कर्ण्यावर लक्ष्याचं नाव गाजलं, कळशीही त्यालाच. आयजीच्या जिवावर बायजी उदार! आणि तो मेला लक्ष्या, मान खाली घालून का होईना, ती घेऊन मोकळा झाला. पुतळीला शिसारी आली ती इथेच. ह्याच शेटच्या ताटात रोज तिचेच बोंबील पडत, तेव्हा हा रुमाल कुठे असायचा?

तेवढ्यात शेटची स्वयंपाकीण भिकी ताट घेऊन बाहेर आली. आलीच आहेस तर चांगले निवडून दे, असं शेटने फर्मावलं.

"मी आज धंद्याला नाय आले, शेट," पुतळी म्हणाली. "धावायला आले."

चिकू उतरवणाऱ्या बायकांच्या टोपल्यांत तिने सगळी पाटी रिकामी केली, फुकट.

दुसऱ्या दिवशी भिकी ताट घेऊन फाटकात उभी होती. पुतळी भरल्या पाटीनिशी तिच्यासमोरून धावत गेली. थांबली असती तर तो धंदा झाला असता.