झडपेखालची खूण

माझी नणंद बेचाळिसाव्या वर्षी सुतारकाम शिकायला आमच्या कारखान्यात आली, तेव्हा नाक मुरडलं ते सगळ्यात आधी मीच. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली, नवऱ्याने टाकलेली बाई. हिला रंधा तरी उचलवेल का?

"दादा, मला झडपांचं टेबल शिकव," ती म्हणाली.

माझ्या नवऱ्याचं नाव त्या टेबलांवरच झालं होतं. शिसवी फळीत फिकट लाकडाची वेलबुट्टी जडवलेली, दोन्ही बाजूंच्या झडपा, म्हणजे बिजागरीवर फिरणाऱ्या फळ्या, खाली पडणाऱ्या. कारखान्याची रीत अशी, की टेबल एकहाती पुरं झालं आणि झडप आवाज न करता पडली, तर कारागिराने आपली खूण तापल्या लोखंडाने झडपेखाली उमटवायची. मग गिऱ्हाइकं त्याच्या नावाने येतात. नणंदेला तेवढंच हवं होतं. भावाच्या घरातून तिला स्वतःच्या खोलीत जायचं होतं.

वेलबुट्टी तिने चार महिन्यांत उचलली. बिजागरी मात्र दाराला लावतात तशी अगदी कडेला लावली. झडप उचलताच फळीच्या आणि झडपेच्या गोल कडा एकमेकींवर घासल्या आणि वेलबुट्टीची एक पाकळी टवका होऊन उडाली.

"बिजागरी ज्या कांडीवर फिरते, ती कडेच्या गोलाईच्या मध्यावर हवी," हे म्हणाले.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

माझ्या नवऱ्याचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. ती कडेला खडूची पूड फासायची, झडप पाडायची, पूड पुसली जाईल तिथेच तासायची. असे पाच आठवडे. मी चहा नेऊन द्यायला लागले. टोमणे मात्र चालूच.

एका संध्याकाळी तिने मला हाक मारली. "वहिनी, ऐक."

झडप पडली.

"काय ऐकू? डोंबल? काही ऐकूच आलं नाही!"

दोघी पोट धरून हसलो. खुणेचं लोखंड तिने आधीच घडवून आणलं होतं, छोटीशी कात्री.

दुसऱ्या दिवशी ती पॉलिश आणायला गेली. गिऱ्हाईक यायचं होतं. यांनी स्वतःचं लोखंड तापवलं.

"अहो, खूण तिची ना?"

"बाईची खूण बघून तो माघारी जाईल. धर झडप."

एकट्याने खूण उमटत नाही; झडप कुणीतरी वर धरावी लागते. मी धरली.

नणंद आली. तिने झडपेखाली बोटं फिरवली. लाकूड अजून गरम होतं. तिने भावाकडे पाठ केली. माझ्याकडे बघून म्हणाली,

"वहिनी, झडप कोणी धरली होती?"

मी हात पाठीमागे नेले.