कशाची वाट बघतंय ते बघ

कादरीभाईंचा फोन आला तेव्हा मी रजेवर होते, मुकुंदवाडीच्या घरी कूलरच्या जाळ्या धूत बसले होते. कादरीभाई आमच्या रक्तपेढीतले जुने टेक्निशियन, मला बाजी, म्हणजे ताई म्हणणारे. फोनवर ते एका वाक्यापेक्षा जास्त कधी बोलत नाहीत, त्या दिवशी तेवढंही धड निघेना. ‘‘सुनंदाबाजी, प्रज्ञा मॅडम गिर गई... हॉस्पिटल ले के आए... तुम आओ.’’ मी तशीच ओल्या हातांनी निघाले. पोचले तेव्हा प्रज्ञा गेलेली होती. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, कुणालाच काही करायला वेळ मिळाला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. रोज सकाळी तिला बघून ‘‘आली का बाई तुझी स्वारी’’ म्हणायची माझी सवय, त्या दिवशी रजा होती म्हणून तेही राहिलं... याला आता काही आठवडे झाले. राग अजून गेलेला नाही. कुणावर, ते मला सांगता येत नाही.

प्रज्ञा साळवे आमच्या रक्तपेढीचा सर्व्हर सांभाळायची आणि मी बाहेर नोंदणीच्या काउंटरवर. कुणी रक्त दिलं, कुठली पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये आहे, ती कुणाला दिली, हे सगळं त्या सर्व्हरवर. ती नोकरीला आली तेव्हा सर्व्हर म्हणजे थंड खोलीत ठेवलेलं, सतत घरघरणारं एक कपाट, एवढंच मला ठाऊक होतं. आणि स्क्रीन अडकली की काय करायचं याचं माझं शास्त्र ठरलेलं होतं, बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. मी हे पहिल्यांदा तिच्यासमोर केलं तेव्हा ती किंचाळलीच. मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘ताई, झोपलेल्या माणसाला उठवायला तुम्ही खाट उलटी करता का?’’ मी म्हटलं, नवरा उठत नसेल तर करते. ती इतकी हसली की आमची गट्टी त्याच दिवशी जमली.

सर्व्हरवर एका वेळी अनेक कामं चालू असतात आणि त्या प्रत्येक चालू कामाला प्रोसेस म्हणतात, एवढं तिनं मला चहा पिता पिता शिकवलं. एखादी प्रोसेस अडकली, हूं की चूं करीना, तर ती थांबवायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे हाक मारायची. थांब बाई आता, असा निरोप तिला पाठवायचा. निरोप मिळाला की प्रोसेस हातातलं काम जागेवर ठेवते, कुठवर आले होते ते आपल्या नोंदींत लिहिते आणि मग बंद होते. त्या नोंदींना लॉग म्हणतात. दुसरी तऱ्हा नऊ नंबरची. त्यात निरोप नाही, विचारणं नाही, जिथं आहे तिथं ती संपली. ‘‘नऊ नंबर दिला की ती कायबी सांगून जात नाय,’’ प्रज्ञा म्हणायची, ‘‘मग आपणच बसायचं शोधत, काय चाललं व्हतं बिचारीचं.’’ या दोन तऱ्हांच्या मध्ये तिचा स्वतःचा एक नियम होता. हाकेला ओ आली नाही तरी चिडायचं नाही, ती कशाची वाट बघतेय ते आधी बघायचं. अडकलेली प्रोसेस बहुतेक वेळा कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेली असते, आणि ते कुणाच्या, हे शोधता येतं. मला वाटायचं, हे यंत्राचे फार लाड झाले.

एकदा दुपारी फर्दापूरहून आलेले एक गृहस्थ काउंटरवर उभे होते. सुनेचं बाळंतपण झालं होतं, रक्त थांबत नव्हतं, पिशवी तपासून तयार होती, आणि नेमकी पिशवी देण्याची प्रोसेसच अडकली. माझी स्क्रीन ढिम्म. गृहस्थ हात जोडून ‘‘बाई, बघा ना जरा’’ म्हणत होते, मागं रांग लागली होती आणि आमचे साहेब सर्व्हरच्या खोलीच्या दारात येऊन ओरडत होते, ‘‘मारून टाका ती प्रोसेस!’’ मीही तेच ओरडत होते. प्रज्ञानं हाक पाठवली. ओ नाही. तिनं आणखी एक कमांड दिली, ती प्रोसेस कशासाठी थांबलीय ते दाखवणारी, डोळे बारीक करून स्क्रीनकडं बघितलं आणि तिथूनच विचारलं, ‘‘कादरीभाई, लेबलच्या प्रिंटरमधी काय अडकलंय का?’’ कादरीभाईंनी झाकण उघडलं, तर पिशवीवर चिकटवायचं लेबल आत रोलरला गुंडाळून बसलेलं. त्यांनी ते ओढून काढलं आणि त्याच क्षणी ती प्रोसेस आपली आपण बंद झाली, कुठल्या पिशवीचं काम हातात होतं ते लॉगमध्ये नीट लिहून. हाक तिला पोचली होती, फक्त प्रिंटर तिला सोडत नव्हता. प्रज्ञानं ती पुन्हा चालू केली, लेबल निघालं, गृहस्थ पिशवी घेऊन पळाले. नुसतीच मारून टाकली असती तर ती पिशवी कुणाच्या नावावर चढली आणि कुणाच्या नाही, याचा उलगडा होईपर्यंत ती कुणी हातातच दिली नसती. सून वाचली हे आम्हाला पुढं त्यांनी आणून दिलेल्या पेढ्यांवरून कळलं.

याचा अर्थ प्रज्ञा हळवी होती असा कुणी घेऊ नये. जी प्रोसेस खरंच कामातून गेली, तिला ती बेलाशक नऊ नंबर द्यायची आणि वर ‘‘झालं, चहा सांगा’’ म्हणायची. तिला कळून घ्यायचं असायचं, एवढंच. कधी मी तिच्या स्कूटरवर मागं बसून पडेगावला तिच्या घरी जायची. छावणीच्या रस्त्यावर गाड्या तुंबल्या की मी मागून ‘‘हॉर्न वाजव’’ म्हणून डोकं खायची आणि ती स्कूटर माझ्या हातात देऊन पुढं काय झालंय ते बघून यायची. माझी सासू माझ्याशी बोलेनाशी झाली तेव्हाही तिनं हेच विचारलं, त्या कशाची वाट बघतात? मी म्हटलं, माझ्या मरणाची. ते पुढं वेगळंच निघालं, पण तो विषय निराळा... आणि तिचा तो डबा! तीन कप्प्यांचा, स्टीलचा, आईनं भरून दिलेला. जेवण झालं की आम्ही सगळ्या डबे धुऊन ठेवायचो, प्रज्ञा मात्र खरकटा डबा तसाच झाकण लावून पिशवीत कोंबायची. मी तिला आळशी म्हणून किती छळलं असेल. ती म्हणायची, ‘‘तो माझा लॉग हाय, ताई. आई रोज संध्याकाळी उघडून बघती. काय संपलं, काय उरलं, भाजी आवडली का नाय... मी तोंडानं सांगितलेलं तिला पटत नाय.’’

आणि अशा प्रज्ञाच्या वाट्याला नऊ नंबर आला. हे असं लिहू नये, कळतं, पण ही भाषा तिनंच मला शिकवली आणि दुसरी मला सुचत नाही.

पडेगावच्या घरी तिच्यासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले, तेव्हा प्रज्ञाच्या आई, चंद्रकलामावशी, गर्दीत दिसल्याच नाहीत. काही दिवसांनी पुन्हा गेले तर त्या ओट्यावर बसलेल्या, प्रज्ञा जिथं स्कूटर लावायची तिकडं तोंड करून. ‘‘जय भीम, मावशी’’ म्हटलं तरी मान हलली नाही. प्रज्ञाचा भाऊ मिलिंद पुण्याहून आलेला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘ताई, कुणाशीच बोलंना ती. ताट म्होरं सरकवती. आता मी ही स्कूटर विकतो, घराला कुलूप लावतो आन् आईला उचलून गाडीत घालून पुण्याला नेतो. दुसरा इलाज नाय.’’ त्याचं काही चूक होतं असं नाही. आई डोळ्यांदेखत वाळत चालली होती, हा तरी काय करणार? पण ‘उचलून गाडीत घालतो’ हे ऐकलं आणि मला तो दारात ओरडणारा आमचा साहेब आठवला.

मी मावशींच्या शेजारी जाऊन बसले. मग विचारलं, ‘‘मावशी, कशाची वाट बघताय?’’ मग त्यांनी पदराखालून डबा काढला. तोच. लख्ख घासलेला, पुसून कोरडा केलेला. हॉस्पिटलातून प्रज्ञाच्या सामानाबरोबर घरी आला तो असाच आला होता.

‘‘जेवली व्हती का ती?’’ त्यांनी विचारलं. ‘‘समदे म्हंत्यात, जेवली असंल. असंल म्हंजी काय? यात तर कायच दिसंना...’’

‘हो मावशी, जेवली होती’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी तिथं नव्हते, आणि त्या बाईसमोर आणखी एक ‘असेल’ ठेवायला जीभ रेटेना. ‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हटलं, ‘‘विचारून सांगते.’’ तेव्हा कुठं त्यांनी माझ्याकडं बघितलं. निघताना मिलिंदला म्हटलं, कुलपाची घाई करू नकोस, मी उद्या येते.

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीत कादरीभाईंना विचारलं, तर ते हातातलं काम खाली ठेवून उभेच राहिले. त्या दुपारी प्रज्ञासोबत जेवायला तेच होते, आणि डबाही त्यांनीच धुतला होता. ‘‘जूठा डब्बा घर कैसे भेजते, बाजी? माँ देखती तो क्या सोचती...’’ कुणाही भल्या माणसानं तेच केलं असतं. लॉगची गोष्ट प्रज्ञानं त्यांना कधी सांगितली नव्हती. संध्याकाळी ते माझ्यासोबत पडेगावला आले, ओट्याच्या पायरीवर बसले, आणि एका वाक्याच्या वर न जाणारा तो माणूस सगळं सांगत गेला. ‘‘अम्मा, मेरे सामने खाई उनो. आराम से बैठ के खाई. भरता पूरा खतम करी. अपनी भाकरी में से आधी मेरेकु दी, मैं नक्को बोला तो गुस्सा हुई. ठेचा बस चखी... बोली, कादरीभाई, आज अम्मा का हाथ भारी पड़ा, ज़बान जल गई. फिर पानी पी, हँसी...’’

मावशींचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. ‘‘त्या दिशी मिरच्या लई पडल्या व्हत्या माझ्या हातून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डबा दिल्यावर ध्यानात आलं. दिसभर जिवाला लागून व्हतं...’’ ही गोष्ट त्या मायलेकींशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मग मावशी रडल्या. प्रज्ञा गेल्यापासून त्या रडल्याच नव्हत्या, असं मिलिंदनं मला नंतर सांगितलं. कादरीभाई डबा धुतल्याची माफी मागत राहिले. ‘‘चांगल्यापायीच केलं तुमी,’’ मावशी त्यांना म्हणाल्या. आणि डोळे पुसत, ‘‘म्हंजी उपाशी नाय गेली,’’ असं स्वतःशीच पुटपुटत उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं परातीत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. आम्ही तिथंच जेवलो. मावशीही आमच्यासोबत जेवल्या. मिलिंद एकटाच पुण्याला परत गेला, आणि स्कूटर अजून तिच्या जागेवर आहे.

निघताना मावशींनी तो डबा भरून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो प्रज्ञाच्या टेबलावर बसून खाल्ला. तिच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, आत सर्व्हर आपला घरघरत असतो. जेवण झाल्यावर सवयीनं डबा घेऊन बेसिनपाशी गेले, नळ सोडला... आणि बंद केला. खरकटा डबा तसाच झाकण लावून पिशवीत कोंबला आणि संध्याकाळी पडेगावला गेले. मावशी ओट्यावर होत्या. त्यांनी एकेक कप्पा उघडून उजेडाकडं धरून बघितला. भाकरी संपलेली, भाजी संपलेली. मग तिसरा कप्पा.

‘‘ठेचा ठिवला तू,’’ त्या म्हणाल्या.

‘‘लई तिखट होता, मावशी.’’

‘‘व्हय? मंग उद्या मिरच्या कमी घालीन.’’