मार्ताच्या दुकानातले रविवार

सईचा फोन आला तेव्हा मी दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी चहाचं आधण ठेवत होते. सई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. अबुधाबीत जन्मली, तिथेच वाढली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम इंग्रजीत. त्या सकाळी मात्र ती म्हणाली, "आत्या, बाबा गेले." मला आधी वाटलं, ऑफिसला गेले असं सांगते आहे. मग लक्षात आलं, ती मराठीत बोलते आहे... आणि त्यातूनच मला कळलं. सकाळच्या फेरीला निघताना दादा बुटाची नाडी बांधायला दाराशी बसला होता. तो तिथून उठलाच नाही.

दादाचं नाव सदानंद. घरात सदा, माझ्यासाठी दादा. कोल्हापुरातून तरुणपणी अबुधाबीला आला आणि तेलाच्या कामांची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत सेफ्टी इंजिनिअर म्हणून राहिला. माणूस अंगाने दांडगा, आवाजाने मऊ. साइटवर कुणी हेल्मेट न घालता दिसला तर ओरडायचा नाही, जवळ जाऊन "हबीबी, घर पे कौन कौन है?" असं विचारायचा, आणि समोरचा मुकाट्याने हेल्मेट चढवायचा. पुढे मी आणि माझे यजमान नोकरीसाठी दुबईत आलो ते त्याच्याच भरवशावर. इथल्या वाळवंटात मला माहेर होतं, ते अबुधाबीत, खालिदियातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये.

सई आठवीत असताना माधवीवहिनी गेली. आजारपण लांबलं होतं, त्यामुळे आम्ही सगळे मनाची तयारी करून बसलो होतो. पण तयारी असते ती जाण्याची, नंतरच्या रिकाम्या घराची नसते. सई बोलेनाशी झाली. रडणं नाही, भांडण नाही. विचारलं तर "फाइन." जेवलीस का, "या." दादा ऑफिसातून येऊन वरणभात लावायचा, ती ताट घेऊन खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. मी जायचे तेव्हा दादा ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवताना दिसायचा. "बसून जेव ना रे," म्हटलं की म्हणायचा, "टेबलाला चार खुर्च्या आहेत गं. बसलं की त्या मोजल्या जातात."

अशाच एका शुक्रवारी, तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची असे, दादाने सईच्या दारावर टकटक केलं. आम्ही दोघं नवराबायको दिवाणखान्यात होतो. "काय करू आज जेवायला?" त्याने विचारलं. आतून आवाज आला, "आय डोन्ट वॉन्ट टु ईट ॲट होम." कुणालाही लागेल असं ते वाक्य. दादाने एक क्षणही घेतला नाही. म्हणाला, "बरं. कुठे जायचं ते तू सांग. यल्ला, चल, चप्पल घाल."

तिला बहुधा नकाराचीच अपेक्षा होती. खाली उतरल्यावर तिने जी पहिली पाटी दिसली तिच्याकडे बोट दाखवलं. बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत, लॉन्ड्री आणि सलूनच्या मधे, अर्जेंटिनाच्या एका बाईचं खाटकाचं दुकान होतं. पुढे मांसाचं काउंटर, मागे निखाऱ्यावरची जाळी आणि भिंतीला टेकलेली चार-पाच टेबलं. ज्याला घरी न्यायचंय त्याने न्यावं, ज्याला तिथेच भाजून हवंय त्याने बसावं. काचेवर हे एवढं मोठं गाईचं चित्र, आणि तिच्या अंगावर कुठल्या भागाला काय म्हणतात त्याच्या रेघा. दादाने जन्मात कधी गाईचं मांस खाल्लं नव्हतं. कोल्हापूरचा मटणखाऊ माणूस, पण ती रेघ त्याची पक्की होती. मला वाटलं, आता हा म्हणेल, दुसरीकडे जाऊ. तो सरळ आत गेला.

काउंटरमागे मार्ता होती. पन्नाशीची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात पातळ सुरी. दादा म्हणाला, "मॅडम, वी डोन्ट ईट काऊ. रिलिजन. व्हॉट एल्स यू हॅव?" त्या दुकानात असा प्रश्न म्हणजे... पण ती हसली नाही, की वैतागली नाही. तिने सुरी बाजूला ठेवली, हात धुतले, मागून दुसरी सुरी नि दुसरी फळी आणली आणि म्हणाली, "लॅम्ब. व्हेरी गुड लॅम्ब. हाऊ यू वॉन्ट?"

आता मटण कसं हवं, हे कोल्हापूरच्या माणसाला विचारायचं! मी मनातल्या मनात आलं-लसूण वाटायला घेतलं. दादा म्हणाला, "युवर शॉप. यू टेल मी."

तिने नुसतं मीठ लावून भाजलेल्या बरगड्या आणल्या. बरोबर वाटीत पार्सली, लसूण आणि तेलाची हिरवी चटणी, चिमिचुरी. दादाने पहिला घास घेतला आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्याला परीक्षेत न शिकवलेला प्रश्न घातलाय. "फक्त मीठ?" तो म्हणाला. "नुसतं मीठ?... मग आपण इतकी वर्षं काय करत होतो?" आणि सई हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत हसली. वहिनी गेल्यानंतर ते हसू आम्ही पहिल्यांदा ऐकलं. दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हसणं पकडलं तर ते पळून जाईल असं वाटलं असावं त्याला. तो खाली मान घालून बरगडी चावत राहिला.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. आधी शुक्रवारी, पुढे देशाची सुट्टी बदलली तशी रविवारी, दुपारच्या जेवणाला बाहेर. बहुतेक वेळा मार्ताकडे, तिचं बंद असलं तर दोन गल्ल्या पलीकडच्या कोलंबियन खानावळीत. आम्हीही दुबईहून गाडी काढून जायचो. त्या खानावळीत अरेपा मिळायचा, मक्याच्या पिठाचा जाड, तव्यावर भाजलेला, आत चीज. मी पहिल्यांदा खाऊन म्हटलं, "अगदी आपली भाकरी!" दादाने मान हलवली. "भाकरी नाही गं. अरेपा आहे. तिकडच्या कुठल्या तरी आईने केलेला. त्याला त्याचं नाव असू दे." ही त्याची खास तऱ्हा होती. समोर येईल ते आपल्यासारखं आहे म्हणून गोड मानून घ्यायचं नाही, वेगळं आहे म्हणून नीट चव घ्यायची. माणसांच्या बाबतीतही त्याचं तेच होतं.

सईची लुसिया नावाची कोलंबियन मैत्रीण होती. तिच्याकडून सई स्पॅनिश शब्द शिकायची आणि जेवताना बापाला शिकवायची. शिकवायचं म्हणजे बोलावं लागतं! दादा मुद्दाम चुकायचा असा मला दाट संशय आहे. एरवी एवढा हुशार माणूस 'ग्रासियास', म्हणजे थँक्यू, इतक्या वेळा चुकणं शक्य नाही. "बाबा, नो! लिसन टु मी," ती ओरडायची, आणि तो कान पुढे करून ऐकायचा. मार्ता त्याला आदराने 'दोन सादा' म्हणू लागली. त्यांच्यात दोन म्हणजे आपल्याकडचं राव किंवा साहेब. आम्हाला मात्र ते कुणी उडप्याकडे डोसे मागवल्यासारखं ऐकू यायचं, आणि ती हाक आली की अख्खं टेबल हसायचं.

सई बारावीत असताना हिवाळ्यात आई कोल्हापूरहून आली. पंचाहत्तरी ओलांडलेली, सोमवार-गुरुवार कडक पाळणारी, पण मटणाची पारख असलेली आमची आई. दादा तिलाही रविवारी मार्ताकडे घेऊन गेला. आधी मार्ताला भेटून सांगून आला होता. तिने टेबलावर नवं कापड घातलं होतं. आई खुशीत होती. "बाई खाटीक! छान की," म्हणाली. मार्ता एम्पनाडा विचारायला आली. एम्पनाडा म्हणजे करंजीच्या आकाराचं, आत खिमा भरलेलं. ती म्हणाली, "चिकन फॉर एव्हरीवन?" सई म्हणाली, "चिकन फॉर देम. वन बीफ, फॉर मी."

आईला इंग्रजी येत नाही, पण तो शब्द येतो. तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "सदा, काय म्हणाली ती?"

मी दादाला डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी सांगून वेळ मारून ने. त्याने मला पाहिलं आणि आईकडे वळून म्हणाला, "बीफ म्हणाली, आई." मग सईला विचारलं, "कधीपासून?"

"सिन्स ग्रेड टेन. ॲट लुसियाज." सई बापाकडे वळली. "आय वॉज गोइंग टु टेल यू, बाबा. आय जस्ट... आय डिडन्ट वॉन्ट टु हाइड इट एनीमोअर."

"आणि तू ऐकून घेतोस?" आई म्हणाली.

दादाने मार्ताला वेगळी ताटली आणायला सांगितली. मग अगदी हळू, एकेक शब्द ठेवत तो बोलला. "आई, मी खाणार नाही. मरेपर्यंत नाही. पण ती माझ्यासमोर बसून सांगते आहे. माधवी गेल्यापासून ही पोरगी स्वतःहून मला काहीतरी खरं सांगेल म्हणून मी वाट बघत होतो. आज तिने सांगितलं. ते मला आवडलं नाही म्हणून परत करू?"

आई उठली आणि बाहेर जाऊन दुकानापुढच्या बाकावर बसली. सई ताटलीला हात लावेना. "खा," दादा तिला म्हणाला, "मागवलंस ना. गार होईल." आणि तो गरम पावाची टोपली घेऊन आईशेजारी जाऊन बसला. काचेतून आम्हाला दोघांच्या पाठी दिसत होत्या. तो पावाचा तुकडा मोडून द्यायचा, ती आधी नको म्हणायची, मग घ्यायची. बराच वेळ ते असेच बसले होते. काय बोललात, हे मी त्याला पुढे कितीदा तरी विचारलं. "खलास झालं गं ते," एवढंच म्हणायचा.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आईने सईकडे पाहिलं. "हात धुतलेस? साबणाने?"

"येस, आजी."

"मग बस इथं माझ्याजवळ," आई म्हणाली आणि सरकून तिला जागा करून दिली.

आई पुन्हा कधी त्या दुकानात गेली नाही. पण त्या मुक्कामात प्रत्येक रविवारी आम्ही परतलो की विचारायची, "काय खाल्लंत?" आणि सई तिला खरं सांगायची. कधी आईचं तोंड वाकडं व्हायचं, कधी नाही. मी त्या घरात वाढले, मला ठाऊक आहे आमच्याकडे किती गोष्टी न सांगता उरकल्या जात. माझ्या भावाने आवाज न चढवता, स्वतःची रेघ न पुसता, ती सवय मोडली. त्याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. आता वाटतं, ते धैर्य होतं.

सई शिकायला नेदरलँड्सला गेली तेव्हा दादा एकटाच रविवारी मार्ताकडे जायचा. मी गेले की मीही सोबत. जेवताना सईचा फोन यायचा आणि बापलेक अर्धा अर्धा तास बोलायचे, हवामानावर, तिच्या घरमालकिणीवर, तिला आवडणाऱ्या मुलावर. हो, त्याच्यावरसुद्धा. मी शेजारी बसून ऐकायचे आणि ते लोटलेलं दार आठवायचं. शिक्षण संपवून ती अबुधाबीतच नोकरीला आली, बापाजवळ राहायला. तिला तिकडे थांबता आलं असतं. "का आलीस गं?" मी विचारलं होतं. ती म्हणाली, "ही'ज माय फेवरिट पर्सन टु ईट विथ." एवढ्या साध्या वाक्याचा हेवा वाटावा...

दादाला आम्ही कोल्हापूरला नेलं. पंचगंगेच्या काठी सईने अग्नी दिला. गुरुजींनी जरा आढेवेढे घेतले तेव्हा आईच म्हणाली, "तीच देईल." तेरावा झाला आणि आम्ही परत निघालो. सईची बॅग भरून तयार होती. आई आतून एक पुडकं घेऊन आली, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधलेलं. आमच्याकडे कांदा-लसणाची जी लाल चटणी मटणाच्या रश्श्याला लागते, ती. सई म्हणाली, "आजी, वी स्टिल हॅव सम." आई म्हणाली, "तुला नाही. त्या खाटीकबाईला आहे. दर वर्षी सदा न्यायचा. तिला आवडते म्हणाला होता."

हे आम्हा दोघींनाही नवीन होतं. दादाने मटणावर ती चटणी घालताना आम्ही त्याला मार्ताच्या टेबलावर कधी पाहिलं नव्हतं. तिथे तो तिचं मीठच खायचा. मी आईला विचारलं, "ती कशाकशावर घालत असेल, ठाऊक आहे ना तुला?"

आई पुडक्याची गाठ पुन्हा आवळत होती. "तिच्या ताटात मी कशाला डोकावू? तिने मागितली, मी कुटली."

गेल्या रविवारी आम्ही मार्ताकडे गेलो. तिला इमारतीच्या वॉचमनकडून कळलं होतं. तिने काउंटरच्या बाहेर येऊन सईला मिठीत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग डोळे पुसत पुडकं घेतलं, वास घेतला आणि निखाऱ्याशेजारच्या फळीवरून काचेची एक बरणी काढली. बुडाशी चमचाभर लाल चटणी उरली होती. तिने नवी चटणी ओतली, झाकण घट्ट लावलं, बरणी जागेवर ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या एका गिऱ्हाइकाने, हे काय आहे, म्हणून विचारलं. मार्ताने सईकडे पाहिलं आणि मग त्याला सांगितलं, "माय फ्रेंड. हिज मदर मेक्स इट."