वरच्या खुणेच्या वर

त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. ट्रकच्या इंजिनात तेल किती आहे हे दाखवणारी जी बारीक लोखंडी पट्टी असते, ती ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून ओढायची आणि उजेडात धरून बघायची, यातच या माणसाचं निम्मं आयुष्य गेलं होतं. बाकीचे ड्रायव्हर गाडी थांबली की चहाकडे धावत. हे आधी पट्टी बघत, मग चहा घेत, आणि तेवढ्यात कुणी तेल पिऊन गेलं नाही ना, म्हणून चहानंतर पुन्हा एकदा पट्टी बघत. अड्ड्यावर कुणी तरी विचारायचं, "काय पट्टीवाले, बाळाचा ताप उतरला का?" ते हसायचे आणि फडकं खिशात कोंबायचे.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरुणपणी ते एका उस्तादाच्या हाताखाली गाडी शिकत होते. चढावर इंजिनातलं तेल आटलं आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. भरलेली गाडी मागे घसरत गेली. एका मोठ्या दगडाला मागचं चाक अडलं म्हणून दोघांचे जीव वाचले. उस्तादाने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. ह्यांनी लावला, कारण पोट होतं. पण त्या दिवसापासून जगातली सगळी संकटं तेल कमी पडल्यामुळे येतात अशी त्यांची पक्की समजूत झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. हे पाणीसुद्धा फुंकून पीत.

एकट्याचा जीव होता तोवर ही भीती त्यांना झेपत होती. मग मुलीचं लग्न झालं, आणि एक दिवस बायको म्हणाली, "घर खायला उठतं. मी येते तुमच्याबरोबर गाडीवर." ते नको नको म्हणत राहिले आणि ती पिशवी भरून केबिनमध्ये जाऊन बसली. तिच्या बाजूच्या सीटची गादी पार बसली होती, म्हणून त्यांनी एक जाड लाकडी फळी कापून आणली आणि वर चादरीची घडी घातली. तिकडचं दार फक्त बाहेरून उघडायचं. ते नीट करून घेऊ, असं दर खेपेला ठरायचं आणि राहून जायचं. गाडी थांबली की ते वळसा घालून जात आणि तिला दार उघडून देत. राणीसाहेब उतरल्या, असं अड्ड्यावरचे म्हणत.

राणीसाहेब मजेत होत्या. राजाची धास्ती मात्र वाढली होती. गाडी जुनी, घेतली तीच जुनी. चढाला लागली की मागे निळसर धूर सोडायची आणि रात्रभर उभी राहिली की खाली तेलाचे चार थेंब टाकायची. आता प्रत्येक चढावर त्यांना उस्तादाची गाडी आठवे, आणि आठवणीत शेजारच्या सीटवर आपली बायको बसलेली दिसे. इंजिन जाम झालं, गाडी मागे निघाली आणि तिचं दार आतून उघडत नाही. एवढं डोळ्यांपुढे आलं की त्यांच्या तळहातांना घाम फुटे.

अशात तेल बदलायची वेळ आली. एरवी हे काम तासाभराचं. या खेपेला ते चार दिवस तेलाच्या डब्यांभोवती फिरत होते. दुकानदाराने नव्या गाड्यांसाठीचं पातळ तेल पुढे केलं, तेच आता सगळे नेतात म्हणाला. मिस्त्रीने सांगितलं की कंपनीने या इंजिनाला ज्या नंबरचं तेल सांगितलंय, तेच घाला, पंधरा-चाळीस, आणि उगाच डोकं चालवू नका. अड्ड्यावरच्या एका जाड्या ड्रायव्हरचं म्हणणं वेगळं होतं. म्हातारं इंजिन, आतले भाग झिजलेले, फटी पडलेल्या. तिथे जाडच तेल हवं, ते फटीतून गळत नाही आणि जळतही नाही.

मिस्त्रीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला की म्हाताऱ्याला जड जेवण घातलं म्हणून तो तरुण होत नाही. पण ऐकावे जनाचे, करावे मनाचे, आणि मनात तर भीती ठाण मांडून बसलेली. त्यांनी दुकानात पातळ आणि जाड अशा दोन्ही तेलांचा एकेक थेंब अंगठ्यावर घेतला. पातळ तेल मनगटाकडे धावलं. जाड तेल जागच्या जागी बसून राहिलं. जे बसून राहिलं तेच त्यांना भरवशाचं वाटलं, आणि तेच त्यांनी भरलं.

इथेच त्यांचं चुकलं, आणि पट्टीवाल्यांशिवाय दुसरं कुणी अशी चूक केलीच नसती. इंजिन चालू असताना तेल वरच्या भागात फिरत असतं; बंद केल्यावर ते हळूहळू खाली तळाला उतरतं, आणि पट्टी तळाचं तेल मोजते, तिच्यावरच्या दोन खुणांच्या मधे असलं की पुरेसं. पूर्वीचं तेल झरझर उतरायचं, म्हणून ह्यांनी गाडी थांबताच पट्टी ओढली तरी चालून जायचं. हे नवं तेल आरामात उतरणारं. ह्यांना धीर कुठला. थांबले की पट्टी, पट्टीवर तेल खालच्या खुणेशी, की घाल मगभर. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच.

सकाळी थंड गाडीची पट्टी बघितली तर तेल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं दिसे. बायकोने एकदा ते बघितलं आणि विचारलं, "हे जास्त नाही का झालं?"

"असू दे," ते म्हणाले. "वाटेत लागेल."

जन्मभर ज्याला कमी पडण्याचीच धास्ती, त्याला जास्त झालेलं दिसलं की बरंच वाटतं. धूर वाढला होता. जास्तीचं तेल इंजिनाला सोसत नव्हतं म्हणून तो वाढला होता. ह्यांनी अर्थ काढला की इंजिन तेल जाळतंय, म्हणजे तेल कमी होतंय. त्यांनी आणखी घातलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. फक्त या ब्रह्मराक्षसाला ते स्वतःच मगाने पाजत होते.

एके दिवशी दुपारी सिमेंटचे पाइप भरून ते लांबच्या चढाला लागले. अर्ध्या वाटेवर आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला, इतका धूर. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. बायको समोर बघत होती आणि तिने बोटांनी फळीची कड घट्ट धरलेली त्यांना दिसली. चढ संपला तशी त्यांनी कडेच्या सपाट जागेत गाडी घेतली, हातब्रेक ओढला आणि सीटमागचा तेलाचा डबा एका हाताने चाचपत दुसऱ्या हाताने इंजिन बंद करायची खुंटी खेचली.

इंजिन बंद झालं नाही.

आवाज क्षणभर खाली आला आणि मग वर चढू लागला. त्यांनी खुंटी पुन्हा खेचली. पायाखालचा पत्रा थरथरायला लागला, दोघांच्या मधलं इंजिनाचं झाकण उडायला लागलं, आणि आवाज चढतच गेला. डिझेल बंद होतं. इंजिन स्वतःचंच तेल ओढून पीत होतं आणि सुटलं होतं. असं इंजिन फुटतं, आणि फुटलं की लोखंडाचे तुकडे केबिनमध्ये घुसतात, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांची पाचावर धारण बसली. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून इंजिन बंद पाडावं, हे कळायला डोकं जागेवर नव्हतं. डोक्यात एकच होतं, तिचं दार.

ते उडी टाकून उतरले आणि धुरातून वळसा घालून धावले. दाराची मूठ घामाच्या हातातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा दार उघडलं. बायको खाली उतरली तेव्हा तिच्या हातात बसायची फळी होती. का उचलली, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. आता ती धावत सुटेल असं त्यांना वाटलं. ती तिथेच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.

तेव्हा त्यांना मिस्त्रीचं एक जुनं बोलणं आठवलं, की सुटलेल्या इंजिनाचा श्वास कोंडावा लागतो. हवा ओढणारं तोंड केबिनच्या मागे, तिच्याच बाजूला होतं. ते तिकडे धावले आणि त्यांनी त्या तोंडावर सरळ पंजा नेला.

"हात नका लावू!" बायको ओरडली आणि तिने मधेच फळी घातली. तोंडाने फळी खटकन ओढून धरली. दोघांनी मिळून ती दाबली. इंजिन गुदमरलं, दोन मोठे आचके दिले आणि थांबलं.

खाली जाणाऱ्या एका गाडीवाल्याकडे त्यांनी मिस्त्रीसाठी निरोप दिला.

मिस्त्री दुसऱ्या एका गाडीतून वर आला तेव्हा दोघं रस्त्याकडेला फळीवर बसलेली होती. त्याने गाडीखाली डबा लावून तेल सोडलं. डबा भरला तरी तेल येतच होतं. दुसरा डबा लावला. पट्टी कधी बघत होतात, एवढंच त्याने विचारलं. थांबल्याबरोबर, असं ह्यांनी सांगितलं.

"तेल कमी पडून मेलेली इंजिनं पुष्कळ पाहिली, पट्टीवाले," मिस्त्री म्हणाला. "भीतीने बुडवलेलं हे पहिलंच."

गाडी खोलावी लागली, पण वाचली. मिस्त्रीने सांगितलेलं तेल सांगितलं तेवढंच भरलं. बायकोचं दारही आतून उघडेल असं करून घेतलं. पहिल्या खेपेच्या दिवशी सकाळी त्यांनी इंजिन थोडा वेळ चालवून बंद केलं, आणि सवयीने हात पट्टीकडे गेला. बायकोने तो धरला.

"उतरू द्या तेल. बसा."

फळी गाडीजवळ टाकून ते तिच्या शेजारी बसले. नुसतं बसणं त्यांना कठीण गेलं. आत काय चाललंय ते कळत नाही आणि बघायचंही नाही, असं ते कधी बसलेच नव्हते. बोटं वळवळत होती. काही तरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी पळाली का नाहीस? तुला भीती नाही वाटली?"

"वाटली. पण घरात वाटायची त्यापेक्षा कमी."

त्यांना कळलं नाही.

"घर खायला उठतं म्हणून मी गाडीवर आले असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. "पोरगी होती तोवर दोघी मिळून वाट बघायचो. ती गेली आणि मी एकटी. तुम्ही गेलात की फाटकाची कडी वाजली तरी काळजात धस्स व्हायचं, नाही वाजली तर जास्त. उस्तादाची गोष्ट तुम्हीच सांगितली होतीत ना लग्नानंतर? तुम्हाला ओढून बघायला पट्टी तरी होती. मला काय होतं?"

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की त्या घरात भिणारा एकच माणूस आहे.

थोड्या वेळाने ते उठले. पट्टी ओढली, पुसली, आत घातली, पुन्हा ओढली, आणि स्वतः न बघता तिच्यापुढे धरली.

तिने ती उजेडात नेली आणि दोन खुणांच्या मधे बोट ठेवलं.