पट्ट्यासकट माप

माप देताना माणूस पोट आत ओढतो. वकील ओढतो, हमाल ओढतो, आणि ज्याला पोटच नाही तोही आपला सवयीनं ओढतो. अशा वेळी मास्तर कंबरेभोवती टेप तसाच धरून भलतंच काहीतरी विचारायचे. "सासुरवाडी कुठली?" किंवा "बूट नवे दिसतायत." गिऱ्हाईक उत्तराला तोंड उघडायचं, पोट आपल्या जागी यायचं आणि मास्तर आकडा वाचायचे. त्यांनी कापलेली पँट जेवणानंतरही बसते, असा त्यांचा लौकिक होता. पुढे वर्षा-दोन वर्षांनी तीच पँट घट्ट झाली म्हणून कोणी आलं, तर "कापड आटलं असेल" म्हणून ते शिवण उसवून द्यायचे. गिऱ्हाइकाचा मान राहायचा.

शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. शिंप्याच्या दुकानात जो कापतो तो मास्तर. शिवणारे बसतात, मास्तर उभा राहतो. उभं आयुष्य ते एकाच टेबलाशी उभे होते, टेबलावर वाकून. त्या वाकण्यानं अखेर पाठ खाल्ली. डावा पाय बधिर व्हायला लागला, मग ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसले आणि छातीपासून कंबरेपर्यंत येणारा जाड पट्टा मागे लागला. पायात मोजे चढवायलाही बायको लागायची. गोष्टी करून घेण्याची त्यांना सवय नव्हती. मोजे चढत असताना ते भिंतीकडे बघत राहायचे.

दुकानात ते कायम सायकलवरून जात. आता वाकून हँडल धरायला बंदी, स्कूटरच्या गचक्यांना बंदी, आणि चालत निघावं तर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन पाय दगा द्यायचा. एकदा जावयानं गाडीतून नेलं. एका बाजूनं जावई, दुसऱ्या बाजूनं दुकानातला इस्त्रीवाला, असे दोघांनी धरून त्यांना उतरवलं. मालक पायरीवर उभे राहून बघत होते.

"मास्तर, तुम्हाला उतरवायला दोन माणसं लागतात," ते म्हणाले. "टेबलाशी कसे उभे राहणार? एकट्यानं येऊन दाखवा. शाळांच्या गणवेशाचं काम येईपर्यंत टेबल धरून ठेवतो. त्यापुढे मलाही धंदा आहे."

माणूस वाईट नव्हता. तोवरच्या कामाला त्यांनी एक नवा कटर ठेवला होता, आणि मास्तरांची कात्री त्याच्याच हातात होती.

मास्तरांच्या मेहुण्याचं सायकलचं दुकान होतं. बायकोचा धाकटा भाऊ, तोंडाळ, पण हाताचा पक्का. त्याच्याकडे छताला एक फ्रेम बरेच दिवस लटकत होती. कोणा हौशी गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली आणि बदली होऊन ते गेलं ते गेलंच. लांबलचक, बुटकी, तिच्यावर आरामखुर्चीसारखी कललेली सीट. रिकम्बंट म्हणतात तिला. मेहुणा 'आडवी' म्हणायचा. पाय पुढे पसरायचे, पाठ टेकायची आणि समोरचे पेडल मारायचे. फ्रेम, पुढचं चाक धरणारा चिमटा आणि सीट एवढंच होतं. बाकी सगळं जमवायचं होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी फोटो नीट पाहिला. "पाठ टेकलेली असेल तर हरकत नाही. पण पट्टा लावूनच."

"पट्टा कधीपर्यंत?"

"तुमची मुलगी कुठे असते हो?" बाईंनी विचारलं. मास्तरांनी मुलीचं गाव सांगितलं.

सायकल जोडायला आठवडे गेले. फ्रेम दोन लाकडी घोड्यांवर ठेवली होती, आणि मास्तर पाठीला उशी लावून खुर्चीत बसायचे. पुढे लहान चाक, मागे मोठं. हँडल छातीसमोर घ्यायचं की सीटखाली, यावर वाद झाला. सीटखाली असलं की हात मोकळे लोंबतात, खांद्यांवर ओढ येत नाही, म्हणून मास्तरांनी ते घेतलं. ब्रेक चांगल्यातले घ्यायचे, गिअर साधे चालतील. "चढ एकच आहे, तोही पुलाचा," ते म्हणाले. जिथे जोर लागायचा तिथे मेहुणा पाना मारायचा. तारा ताणणं, पट्ट्या आवळणं, नट मोजून एका रांगेत लावणं हे मास्तर करायचे. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांच्या नखांत काहीतरी काळं दिसत होतं, आणि बायको ते धुवायला सांगत नव्हती.

मग मापाचा दिवस आला. या सायकलला पुढे एक नळी असते, तिच्या टोकाला पेडल. माणसाच्या पायाच्या लांबीप्रमाणे ती आतबाहेर सरकवून आवळायची आणि मग त्या मापानं चेन कापायची. चेन पेडलपासून सीटखालून, एका पुलीवरून मागच्या चाकापर्यंत जाते आणि तशीच परत येते. साध्या सायकलच्या तीन चेन एकापुढे एक जोडल्या होत्या.

"हे घडी घातलेलं कापड झालं," मास्तर म्हणाले. "इथे बोटभर चुकलं की दोन बोटं चुकतं."

पट्टा सोडून ते सीटवर टेकले.

"भाऊजी, पट्टा?" मेहुण्यानं विचारलं.

"तोवर सुटेल."

बायकोनं पट्ट्याची घडी केली, मांडीवर ठेवली.

पाय पसरून, टाच टेकवून त्यांनी नळी बसवून घेतली. मेहुणा म्हणाला, "चार कड्या जास्त ठेवू. नंतर काढता येतात."

"माझ्या हातचं कापड कधी लोंबलेलं बघितलंस?"

"कापड नाहीये हे."

"मग तर आणखीच लोंबायला नको. दे ते हत्यार इकडे. एवढं तरी मला कापू दे."

त्यांनी कडीची पिन दाबून काढली. तुकडा टपकन खाली पडला. मेहुण्यानं तो उचलला, पुसला आणि खणात टाकला.

चाचणी मेहुण्याच्या दुकानाजवळच्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत घ्यायची ठरली. गणवेशाचं कापड आल्याची बातमी इस्त्रीवाल्यानं आदल्याच दिवशी आणली होती. बायकोनं दारातच पट्टा समोर धरला. "हा लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बाईंनी सांगितलंय." मास्तरांनी तो लावला.

सीटवर बसल्यावर पाठ आणि सीट यांच्यामध्ये पट्टा आला, आणि मास्तर दोन बोटं पुढे सरकले. पहिल्याच फेरीला गुडघे वर आले आणि मांडी पट्ट्याच्या कडेला घासली. मेहुण्यानं नळी तेवढीच पुढे ओढून आवळली. आता पाय बसले, पण चेन तारेसारखी ताणली. मोठ्या चकतीवर टाकायला गेलं की गिअर कुरकुरायचा आणि मागच्या चाकाशी चेन ताणून धरणारा गिअरचा हात पार पुढे खेचला जायचा.

"आता हिला छेडली तर सूर निघेल," मेहुणा म्हणाला. मग आवाज खाली घेऊन, "भाऊजी, उद्या एक दिवस पट्टा काढून जा ना. नळी परत आत घेतो. मालक काय सदरा वर करून बघणार आहेत? टेबल एकदा हातात आलं की पुढचं पुढे."

सुचवलेलं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर मेहुण्याआधीच ते मास्तरांच्या मनात येऊन गेलं होतं. त्यांनी पट्ट्याच्या बंदाला हात घातला.

बायको भिंतीपाशी उभी होती. तिनं चेनकडे पाहिलं.

"साखळी आटली असेल," ती म्हणाली.

मेहुण्याला काही कळलं नाही. मास्तरांना कळलं. कितीतरी वर्षं शेकडो माणसांना त्यांनी हे वाक्य ऐकवलं होतं, आणि ते ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो हे त्यांना पाठ होतं. आता तसाच चेहरा आपला झालाय, हेही त्यांना कळलं. माप त्यांनी स्वतःचं घेतलंच नव्हतं. पट्ट्याशिवायच्या, दिवसभर उभ्या राहणाऱ्या एका जुन्या माणसाचं घेतलं होतं.

त्यांनी बंदावरचा हात काढला.

"त्या दिवशीचा तुकडा आहे का रे?"

"खणात आहे. तुम्ही कापत होतात तेव्हाच म्हटलं, लागेल."

"बोलला नाहीस ते."

"बोललो की. चार कड्या."

तुकडा जोडला. जोड दिसत होता; तेलकट कड्यांमध्ये पुसलेला तेवढाच भाग चकचकीत. मास्तरांनी आयुष्यभर जोड लपवले होते. हा त्यांनी राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच निघाले. सोबत कोणी यायचं नाही, असं बजावलं होतं. पहिल्या वळणावर सायकल लडखडली, मग सरळ झाली. ही सायकल इतकी खाली असते की नजर माणसांच्या कंबरेच्या वर जातच नाही. मास्तरांनी कापड नेहमी टेबलावर पसरलेलं पाहिलं होतं. चालत्या पँटी एवढ्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. सिग्नलपाशी एक राखाडी पँट त्यांनी ओळखली. आपल्याच हातची. गुडघ्याशी पोक आलं होतं, पण शिवण सरळ होती. पुलाच्या चढावर पाय भरून आला. ते थांबले, बसल्या बसल्या दम घेतला, हलक्या गिअरवर पुन्हा निघाले.

दुकानापुढे सायकल थांबली, तसे मालक पायरीवर आले. "आरामखुर्चीला चाकं लावलीत, मास्तर."

बसून येणं सोपं होतं, उठणं अवघड. एक हात पायरीवर, एक सीटवर. इस्त्रीवाला पुढे झाला. मालकांनी त्याला हातानं थांबवलं. मास्तर उठले. वेळ लागला, पण उठले.

"मग, दिवसभर उभं राहता येईल ना?" मालकांनी विचारलं.

आत टेबलावर निळ्या कापडाचे तागे आले होते. मास्तरांनी श्वास आत घेतला, मग सोडला.

"नाही. दुपारपर्यंत. मध्ये मध्ये बसावं लागेल. आणि हा पट्टा आता राहणार."

मालकांनी ताग्यांकडे पाहिलं. "मग टेबल एकट्याचं राहणार नाही, मास्तर. या कटरला काढता येणार नाही मला."

"कळलं."

नव्या कटरनं आपलं कापड ओढून अर्धं टेबल मोकळं केलं. कात्री मध्ये ठेवली. मास्तरांनी ती उचलली नाही. आधी खिळ्यावरचा टेप काढून त्याच्या हातात दिला. ऑपरेशनपासून त्यांच्या पँटची बटणं पट्ट्यावर लागत नव्हती. सदरा बाहेर ठेवून ते दोरीवर भागवत होते.

"माझं माप घे. पट्ट्यावरून."

कटरनं टेप कंबरेभोवती धरला. त्याची नजर दाराबाहेर गेली. "मास्तर, ही सायकल मिळते कुठे?"

"पोट सोडलेलंच आहे," मास्तर म्हणाले. "वाच."